तिसरी विमानवाहू नौका की आणखी पाणबुड्या?

चीनची तिसरी विमानवाहू नौका 'फुजियान' २०२५ मध्ये सेवेत आली. तेव्हापासून एनडीएच्या परीक्षेची तयारी करणारा माझा भाचा एकच विचारतोय: मामा, आपणही तिसरी बांधायची, की पैसा पाणबुड्यांत घालायचा?

आधी खर्च. नव्या 'विक्रांत'ला सुमारे २० हजार कोटी लागले. माझगाव डॉकमधल्या सहा कलवरी पाणबुड्यांचा प्रकल्प साधारण २३ हजार कोटींचा. पण नौकेवरची विमानं वेगळी, शिवाय सोबतीला विनाशिका, फ्रिगेट, तेलवाहू जहाज लागतंच. वेळेत फारसा फरक नाही, दोन्हीकडे दशकाहून अधिक गेलं.

खरा फरक टिकून राहण्यात आहे. एवढी मोठी नौका उपग्रहांपासून लपवणं अवघड, आणि चीनने डीएफ-२१डी हे क्षेपणास्त्र अशाच लक्ष्यासाठी बनवलंय. पाणबुडी मात्र आधी शोधावी लागते. १९८२ मध्ये फॉकलंड युद्धात ब्रिटिश पाणबुडी 'काँकरर'ने अर्जेंटिनाची युद्धनौका 'जनरल बेलग्रानो' बुडवली आणि अर्जेंटिनाचं आरमार, विमानवाहू नौकेसह, किनाऱ्याकडे परतलं. आपणही १९७१ च्या युद्धात 'खुकरी' ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीच्याच टॉर्पेडोने गमावली. तिचे कॅप्टन मुल्ला जहाजासोबतच गेले. तो घाव विसरता येत नाही.

पण त्याच युद्धात जुन्या 'विक्रांत'च्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले चढवले. ते काम पाणबुडीचं नव्हे.

दूरच्या समुद्रात ताफ्यावर हवाई छत्र हवं असेल, तर नौकाच हवी. शत्रूची वाट अडवायची असेल, तर पाणबुड्या. आणि आज मी पैसा आधी तिथेच घालीन.