१९६५ च्या मस्टँगच्या इंजिनाचा रंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फोर्ड मस्टँगचे २८९ घनइंची व्ही-८ इंजिन रंगवून मला आठ महिने झाले आणि या काळात गाडी आठवड्यातून किमान दोनदा रस्त्यावर आली.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा संपूर्ण इंजिन निळे होते. तो निळा रंग फोर्डचाच असल्यामुळे पाहणाऱ्याला खटकत नाही. मात्र फोर्डने तो सरसकट द्यायला सुरुवात केली ती १९६६ च्या मॉडेलपासून, आणि माझ्या ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यावर) ओतकामाची खूण ‘५सी१२’ अशी आहे; ५ म्हणजे १९६५, सी म्हणजे तिसरा महिना आणि १२ ही तारीख, म्हणजे १२ मार्च १९६५. त्या वर्षीच्या २८९ चा ब्लॉक काळा, तर टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरची झाकणे) आणि एअर क्लीनर (हवा गाळणारा डबा) सोनेरी असत. पुरावा इंजिनावरच होता: इंजिन माउंटमागच्या (इंजिन गाडीला जोडणाऱ्या आधारामागच्या) खोबणीत निळ्याखाली काळा थर निघाला आणि टॅपेट कव्हरच्या आतल्या कडेला सोनेरी. उष्णतेने व तेलाने न काळवंडलेला तेवढाच भाग शेड जुळवण्यासाठी विश्वासार्ह असतो. डब्याच्या झाकणावरच्या रंगावर मी अजिबात विसंबलो नाही, कारण ‘फोर्ड सोनेरी’ म्हणून आणलेल्या दोन डब्यांपैकी एक उन्हात हिरवट दिसला आणि दुसरा तांबूस. मी तांबूस निवडला.

रंग स्प्रे कॅनमधला इंजिन एनॅमल होता, २६० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा. शीतक (इंजिन थंड ठेवणारा द्रव) साधारण ९० अंशांवर राहतो, त्यामुळे ब्लॉकला हे पुरेसे आहे आणि तिथला काळा रंग आजही कापडाने तेल पुसले की पहिल्यासारखा दिसतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे जळालेला वायू इंजिनातून बाहेर नेणारा भाग, याहून कितीतरी जास्त तापतो, म्हणून तो मी बिनरंगाचा बीडाचाच ठेवला. चूक झाली ती हेडवर, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागावर. तिथल्या एक्झॉस्ट पोर्टांच्या (वायू बाहेर पडण्याच्या तोंडांच्या) मधल्या दोन बोटे रुंदीच्या पट्ट्यात चौथ्या महिन्यापासून रंग राखी पडला आणि बारीक पोपडे सुटू लागले. तिथे जास्त उष्णता सोसणारा रंगच वापरायला हवा होता.

दुसरा कोट पहिल्यानंतर तासाभरात किंवा थेट सात दिवसांनी द्यावा, अशी सूचना डब्यावर होती. मी तो दुसऱ्या दिवशी दिला आणि एका कव्हरवर सुरकुत्या पडल्या, कारण अर्धवट वाळलेला खालचा थर नव्या कोटातल्या थिनरने फुगतो. ते कव्हर धातूपर्यंत घासून पुन्हा रंगवावे लागले.

सोनेरी रंगाबद्दल माझे मत काळानुसार बदलले. पहिल्याच महिन्यात पेट्रोलच्या नळीच्या सांध्यातून थेंब गळले आणि उजव्या कव्हरवर निस्तेज डाग उमटला, तेव्हा मला हा रंग अगदीच कच्चा वाटला होता. सहाव्या महिन्यात तोच सांधा पुन्हा गळला, पण पुसल्यावर खूणही राहिली नाही. इंजिन वारंवार तापून थंड झाल्यावरच हा एनॅमल खऱ्या अर्थाने पक्का होतो, तोपर्यंत पेट्रोलपासून त्याला जपावे लागते. रंगवताना अर्थिंगच्या पट्टीची (इंजिनाला बॅटरीशी विजेने जोडणाऱ्या पट्टीची) जागा टेपने झाकायचीही राहिली होती; रंगामुळे वीज नीट पोहोचत नव्हती आणि तो खरवडेपर्यंत स्टार्टर संथ फिरत असे.

पोर्टांमधला पट्टा पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी मॅनिफोल्ड उतरवून पुन्हा रंगवणार आहे. डाव्या कव्हरच्या आतल्या कडेवरचा मूळ सोनेरी भाग मात्र मी मुद्दाम तसाच ठेवला आहे, कारण पुढेही शेड त्यावरूनच जुळवायची आहे.