दहा किलोचा डिजिटल काटा, आठ महिन्यांनंतर: किलोत खिळे किती बसतात?

हा काटा मी स्वयंपाकघरासाठी घेतला नाही. एप्रिलात, ऐन तोडीच्या आठवड्यात, रात्री साडेनऊला आंब्याच्या पेट्या ठोकता ठोकता खिळे संपले. 480 पेट्या झाल्या होत्या, 120 राहिल्या होत्या आणि पहाटे गाडी भरायची होती. आमच्या 600 पेट्या दरवर्षी 20 किलो खिळ्यांत होतात. यंदाही 20 किलोच आणले होते. डोक्यात एकच आलं, दुकानदारानं मापात मारलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन नको ते बोललो. शेठनी आवाज न चढवता काट्यावरचा वैधमापनचा, म्हणजे सरकारी तपासणीचा, शिक्का दाखवला आणि माझ्यासमोर किलोभर खिळे तोलले. तरी पटलं नाही. घरी येऊन 449 रुपयांचा हा काटा मागवला. तेच पुडकं ठेवलं तर 1001 ग्रॅम. म्हणजे वजन चोख होतं. मग पेट्या गेल्या कुठे?

आधी काट्याच्या दोषाबद्दल लिहितो, कारण त्यानं माझे तीन आठवडे खाल्ले. किलोत किती खिळे आहेत ते काढायला आधी एका खिळ्याचं वजन हवं. एक खिळा ठेवला, काटा शून्य. दुसरा ठेवला, शून्य. हलक्या हातानं एकेक करत 30 ठेवले तेव्हा 19 ग्रॅम दिसले. तेच 30 उचलून एकदम टाकले तर 25. सहा ग्रॅम हवेत गेले. हे काटे शून्याच्या आसपासचा बारीक फरक आपणहून पुसून टाकतात, शून्य स्थिर दिसावं म्हणून. एकेक करून टाकलेला खिळा त्या पुसण्यातच जातो. त्यात दोन मिनिटांत काटा बंद पडतो. वहिनी 70 पर्यंत मोजून आल्या की पडदा काळा, पुन्हा पहिल्यापासून. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, दहा ग्रॅमच्या खालचं आम्ही धरत नाही, आणि परत घ्यायची मुदतही संपली. मे महिन्यात लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता.

जूनमध्ये मत बदललं. शंभर खिळे बाजूला ताटात मोजायचे, वाटी काट्यावर तशीच ठेवायची, शून्याचं बटण दाबायचं नाही, आणि शंभर एकदम वाटीत ओतायचे. वाटीचं वजन मागाहून वजा करायचं. असं केलं की काटा पाच वेळांत पाचही वेळा तोच आकडा दाखवतो. दहा खिळ्यांवर हिशेब मांडू नका. हा काटा अर्धा ग्रॅम इकडेतिकडे करतोच. दहा खिळ्यांचे 8 ग्रॅम दिसले तर ते साडेसातही असतील, साडेआठही. त्यानं किलोमागे दीडशे खिळ्यांची गफलत होते. शंभरावर तीच गफलत पंधरा-वीस खिळ्यांच्या आसपास राहते.

आता खरी गोष्ट. माळ्यावरच्या डब्यात गेल्या वर्षीचे मूठभर खिळे उरले होते. तेही सव्वा इंची, शेजारी धरले तर डोळ्याला सारखेच. शंभर जुने 68 ग्रॅम, शंभर नवे 84 ग्रॅम. म्हणजे किलोत जुने साधारण 1470, नवे 1190. किलोमागे 280 खिळे कमी. एका पेटीला आमचे 48 खिळे लागतात: तळाला 12, बाजूंना 24, झाकणाला 12. वाकलेले-फुकट गेलेले सोडले तर वीस किलोत जुन्यांच्या 600 पेट्या होतात आणि नव्यांच्या 480. आकडा पेटीवर येऊन बसला.

दोन्ही खिळे घेऊन मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे तारेचं गेज, म्हणजे जाडीचा नंबर, मोजायची खाचांची चकती असते. नवा 14 गेजचा निघाला, जुना 15 चा. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे लक्षात ठेवायचं. 14 म्हणजे 2.03 मिलिमीटर, 15 म्हणजे 1.83. नखाएवढाही फरक नाही. पण वजन जाडीच्या वर्गानं वाढतं, म्हणून जाडीत दहा टक्के घट झाली की वजनात एकोणीस टक्के घट होते.

हे कागदावरही काढता येतं. बांधकामावर सळईचं वजन काढतात तेच सूत्र: मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले 162, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. खिळा म्हणजे तारेचा तुकडाच. यंत्र तार पकडून ठोक्यानं डोकं करतं आणि दुसऱ्या बाजूला चिमटून टोक काढतं. 14 गेजला मीटरमागे साडेपंचवीस ग्रॅम, सव्वा इंचाला 0.81. डोक्यासाठी थोडी तार जास्त जाते ती धरली की 0.84, काट्यानं सांगितलं तेच. दोन इंची 12 गेज याच रीतीनं किलोत साडेचारशेच्या आत बसतात, 10 गेज तीनशेच्या आत. कोणी नुसतं "दोन इंची किलोत किती?" विचारलं तर गेज सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

आणि जाड खिळ्याचा तोटा नुसता संख्येचा नाही. पेटीची फळी पातळ. 14 चा खिळा टोकाशी मारला की चीर जाते. यंदा किती फळ्या फुटल्या ते मोजलं नाही, पण लाकडालाच शिव्या घातल्या. फळी चिरत असेल तर खिळ्याचं टोक हातोडीनं जरा बोथट करून मारा, चीर कमी जाते. 28 हजार खिळ्यांना ते करत बसणं काही शक्य नाही.

शेठची माफी मागितली. ते म्हणाले, "भाऊ, गेज सांगितलं असतंत तर 15 चं दिलं असतं. तुम्ही सव्वा इंची म्हणालात, जे होतं ते दिलं." चूक माझीच. मात्र पुड्यावर, बिलावर कुठेही गेज नव्हतं, हे त्यांनाही बोललो. आता ते पोत्यावर खडूनं लिहितात.

काट्याचं बाकी थोडक्यात. सेल अजून पहिलेच. मागच्या बटणाला धक्का लागला की आउन्स येतात, तेव्हा ग्रॅमची खूण बघूनच आकडा लिहा. शिक्का नसलेला घरगुती काटा आहे, त्याच्या जोरावर दुकानात भांडायला जाऊ नका. खिळे-नटबोल्टच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे नग मोजणारे काटे असतात. नमुन्याचे नग ठेवले की बाकीचे तोच मोजतो. रोजचं काम असेल तर ते घ्या. आमच्यासारख्याला हा पुरतो. पुढच्या हंगामालाही 14 गेजचेच खिळे घेतले असते तर 600 पेट्यांना जवळजवळ पाच किलो जास्त लागले असते. आमच्याकडच्या 110 रुपये भावानं काट्याची किंमत तिथेच सुटली. चार तारे. पाचवा त्या आपोआप बंद पडण्यापायी कापला, तो देणार नाही.

परवा पुढच्या हंगामाचे 21 किलो आणले. दोन पोत्यांतून शंभर-शंभर काढून दुकानातच तोलले. एकातले 68 भरले, दुसऱ्यातले 69.