बधिरांध मुलांसाठी घरी येणारी शिक्षणसेवा : तापीकाठच्या एका कुटुंबाचा अभिप्राय

दृष्टी आणि श्रवण या दोन्ही बाजूंनी बाधित असलेल्या मुलांना घरी येऊन शिकवणारी एक सेवा जळगाव जिल्ह्याच्या उत्तर भागात एका स्वयंसेवी संस्थेमार्फत चालते. माझ्या नातीसाठी आम्ही ती घेत आहोत. बधिरांध मुलांच्या शाळेची चौकशी केली की खानदेशातील पालकांना बहुधा मुंबईचे नाव सांगितले जाते. तेथील हेलन केलर इन्स्टिट्यूट १९७७ पासून या क्षेत्रात काम करीत आहे, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु केळीच्या बागेवर किंवा रोजच्या मजुरीवर चालणारे घर मागे ठेवून इतक्या दूर बिऱ्हाड करणे फार थोड्यांना जमते. म्हणून घरपोच सेवेतून नेमके काय मिळते, हे सविस्तर लिहीत आहे.

बधिरांध मूल म्हणजे पूर्ण अंधार आणि पूर्ण शांतता, अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रत्यक्षात यांतील बहुतेक मुलांना थोडेफार दिसते किंवा थोडेफार ऐकू येते, आणि ते नेमके किती व कोणत्या बाजूने, हे शोधणे हे शिक्षणाचे पहिले काम असते. विशेष शिक्षिका सुरुवातीच्या भेटींत काहीही न शिकवता नातीच्या शेजारी बसून केवळ निरीक्षण करीत असत, तेव्हा घरातील काहींना हा वेळेचा अपव्यय वाटला होता. मात्र त्यातूनच कळले की डाव्या बाजूला, जवळ धरलेली आणि रंगाचा ठळक फरक असलेली वस्तू तिला जाणवते. खिडकीच्या उजेडात चमकणारे स्टीलचे ताट बदलून आम्ही पांढरी थाळी घेतली, आणि तिच्यावरची कळण्याची काळसर भाकरी ती आता स्वतः हात घालून घेते. या एका बदलाला खर्च जवळजवळ नव्हता. तो सुचवणारे जाणते माणूस मात्र लागले.

या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग दिनक्रमाच्या पेटीचा आहे. नेदरलँड्समधील यान फान डाइक यांनी गर्भावस्थेतील रुबेलामुळे बधिरांध झालेल्या मुलांबरोबर काम करताना ही पद्धत विकसित केली. लाकडी पेटीला ओळीने खण असतात आणि प्रत्येक खणात पुढे होणाऱ्या गोष्टीची एक खूण ठेवतात : आंघोळीसाठी छोटा गडू, जेवणासाठी चमचा, झोक्यासाठी त्याच्याच दोरीचा तुकडा, मळ्यात जाण्यासाठी केळीच्या खोडाच्या धाग्यांची वेणी. मुलाने खूण चाचपायची, ती हातात घेऊन त्या कामाला जायचे आणि काम संपल्यावर ती शेवटच्या, म्हणजे ‘झाले’च्या खणात टाकायची. पूर्वी नातीला अचानक उचलले जाई, अचानक अंगावर पाणी पडे, आणि ती किंचाळून स्वतःचा हात चावत असे. आम्ही त्याला हट्ट म्हणत होतो. पुढे काय होणार हे जिला कोणीच कधी सांगितलेले नाही, तिला प्रत्येक स्पर्श हा धक्काच असणार. पेटी सुरू झाल्यावर हे किंचाळणे हळूहळू कमी झाले. पुढे एकदा तिने आपण होऊन झोक्याची दोरी काढली आणि आजीच्या हातात दिली. माझ्या मते तिने उच्चारलेले ते पहिले वाक्य होते.

‘हाताखाली हात’ ही दुसरी शिकवणही तितकीच महत्त्वाची आहे. मुलाचे मनगट पकडून त्याच्याकडून काम करवून घेण्याची सवय आपल्या सर्वांना असते. येथे मोठ्या माणसाचा हात खाली आणि मुलाचा हात वर असतो, त्यामुळे नको असेल तेव्हा मुलाला हात काढून घेता येतो. बधिरांध मुलाचे हात हेच त्याचे डोळे आणि कान असल्यामुळे ते जबरीने धरणे किती अन्यायाचे आहे, हे शिक्षिकेने आम्हाला फार संयमाने पटवून दिले.

भेटायला येणारा प्रत्येक जण बधिरांध लेखिका हेलन केलर यांचे उदाहरण देतो. त्यांची दृष्टी व श्रवण वयाच्या १९ व्या महिन्यात आजारपणात गेले, म्हणजे तोपर्यंत पाहिलेल्या-ऐकलेल्या जगाचा थोडा साठा त्यांच्यापाशी होता. जन्मतः बधिरांध मुलाकडे तो नसतो. शिवाय अ‍ॅन सलिव्हन या शिक्षिका ३ मार्च १८८७ रोजी त्यांच्या घरी आल्या आणि ५ एप्रिलला, पंपाच्या धारेखाली, तळहातावर लिहिलेल्या अक्षरांचा पाण्याशी संबंध त्यांना उमगला. त्या मधल्या काळात शिक्षिका दिवसभर त्यांच्याबरोबर होत्या. आमच्याकडे शिक्षिका आठवड्यातून एकदा येतात. ही या सेवेची सर्वांत मोठी मर्यादा आहे, आणि ज्या घरात उरलेले सहा दिवस पेटी उघडली जात नाही, तेथे या सेवेचा उपयोग फारसा होणार नाही.

एक तक्रार नोंदवणे आवश्यक आहे. आधीच्या शिक्षिकांनी काम सोडल्यावर बरेच दिवस कोणी आले नाही, आणि नव्या शिक्षिकांच्या स्पर्शखुणा वेगळ्या होत्या. मोजक्याच खुणांवर उभ्या असलेल्या मुलाच्या बाबतीत खूण बदलणे म्हणजे शब्द हिरावणे होय. आमच्या आग्रहानंतर आता प्रत्येक खुणेचे मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवले जाते. हे पहिल्या दिवसापासून व्हायला हवे होते.

अक्षरओळखीची घाई संस्था करीत नाही, आणि ते मला योग्य वाटते. ज्या मुलांच्या बोटांची जाण तयार झाली आहे, त्यांना फळीवरच्या सहा खाचांत गोट्या बसवून ब्रेलकडे नेतात. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेल लिपीत, स्वर व्यंजनानंतर स्वतंत्र घरात, म्हणजे सहा ठिपक्यांच्या चौकटीत, येतो. ‘पाणी’ हा शब्द प, आ, ण, ई अशा चार घरांत लिहिला जातो, आणि डोळ्यांनी अक्षराच्या आधी दिसणारी ऱ्हस्व वेलांटीही बोटांना नंतरच लागते. पालकांनी हे शिकून घेतल्यास मुलाचे घरचे वाचन थांबत नाही.

सेवा घेण्यापूर्वी मुलाच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्राकडे लक्ष द्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये बहुविकलांगतेत बधिरांधत्वाचा स्पष्ट समावेश आहे, आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. एकाच दिव्यांगत्वाची नोंद झालेली असल्यास डोळे व कान या दोन्हींची तपासणी करून ती दुरुस्त करून घ्यावी. संस्थेला शिक्षिका बदलताना काय व्यवस्था आहे, हे आधीच विचारावे, आणि पहिल्या भेटीपासून मुलाच्या आईबरोबर घरातील आणखी एका व्यक्तीने खुणा शिकण्यास बसावे.