पेडल स्टील की हवाईयन गिटार: सुरुवात कशावर करावी?

धुळे-जळगावकडं कुणी पेडल स्टील, म्हणजे पायाच्या पेडलांनी तारांचा सूर बदलणारी आडवी गिटार, शिकायचं मनावर घेतलं, तर माझा सल्ला एकच: आधी हवाईयन गिटार घ्या. तीही आडवी ठेवून, तारांवर बार सरकवूनच वाजवतात, पण तिला पेडल नसतात.

पेडल स्टीलचा मोह मला कळतो. ई-नाइन जुळणीत (तारा सुरात लावायची एक नेहमीची पद्धत) 10 तारा, साधारण 3 पेडल, शिवाय गुडघ्यानं ढकलायचे 4-5 लिव्हर. पहिलं पेडल दाबलं की बी स्वराच्या तारा सी शार्पवर चढतात आणि बाकीच्या तारा जागच्या हलत नाहीत. तो गोडवा केवळ अप्रतिम! पण वाद्य महाग, बहुधा परदेशातून मागवायचं, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा, आणि आतली यंत्रणा बिघडली तर दुरुस्तीला न्यायचं कुठं?

हवाईयन गिटारीला साधारण 6 तारा. लाकडी, बिनविजेची असेल तर लाइट गेली तरी रियाज थांबत नाही. ब्रिजभूषण काब्रांनी याच वाद्यावर राग वाजवले, त्यामुळं आपल्या कानाला ते परकं नाही. इथं सुराची खरी तालीम होते. बार, म्हणजे डाव्या हातातला धातूचा दांडा, पट्टीच्या (फ्रेटच्या) मागं नाही, बरोबर तिच्या डोक्यावर ठेवायचा. बारमागची बोटं तारांवर अलगद टेकवायची, नाहीतर खरखर येते. तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा आणि ओळखीचं एखादं अहिराणी लग्नगीत संथपणे काढा. सुरुवातीला सूर घसरतात, सगळ्यांचेच घसरतात. सोडू नका.

मे महिन्यात तारा सारख्या उतरतात, दर बैठकीला जुळवून घ्या.

फक्त अमेरिकन कंट्री संगीतच वाजवायचं असेल, तर मात्र पैसे साठवा आणि थेट पेडल स्टीलच घ्या.