माडीच्या जुन्या फळ्यांना तेल, लाख, वार्निश की पीयू?

बेळगाव, शहापूर, खानापूर आणि निपाणीच्या जुन्या घरांत माडीची जमीन अजूनही पुष्कळ ठिकाणी लाकडी आहे. तुळयांवर सागवानाच्या किंवा मत्तीच्या, म्हणजे घाटाखाली ज्याला ऐन म्हणतात त्या झाडाच्या, फळ्या ठोकलेल्या असतात आणि त्यांचीच खालची बाजू सोप्याची तक्तपोशी, म्हणजे लाकडी छत, होते. अशा फळ्या घासून नव्याने पॉलिश करायच्या ठरल्या की दुकानात तेल, लाख, वार्निश आणि पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा कडक थर धरणारे पॉलिश) ही चार नावे ऐकू येतात आणि प्रत्येक पॉलिशवाला स्वतःच्या हाताला बसलेल्या प्रकाराचीच शिफारस करतो. माझ्या मते चकाकीकडे पाहून निवड करणे ही पहिली चूक होय. पाच वर्षांनी ओरखडा पडल्यावर तेवढीच जागा दुरुस्त करता येईल का, आणि आपल्या गावची हवा पावसाळ्यात किती ओली असते, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

दुसरा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे, कारण एकाच बेळगाव जिल्ह्यात हवेचे दोन टोकांचे प्रकार आहेत. मलप्रभेच्या उगमाकडे, कणकुंबीच्या बाजूला, पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तर अथणीकडे आभाळ भरून येते आणि तसेच निघून जाते. अथणीच्या घरात शोभलेले पॉलिश खानापूरच्या जंगलपट्ट्यात टिकेलच, असे धरून चालू नये.

जवसाचे तेल सर्वांत स्वस्त आणि लावायला सर्वांत सोपे आहे. ते लाकडात मुरते, वर कवच धरत नाही, त्यामुळे त्याचे पापुद्रे निघण्याचा प्रश्नच येत नाही आणि झिजलेल्या जागी पुन्हा तेलाचा हात फिरवला की काम होते. मात्र कच्चे तेल वाळायला आठवडे लागतात, म्हणून दुकानातून डबल बॉइल्ड तेलच मागावे, ते टर्पेंटाइनमध्ये पातळ करून लावावे आणि जिरले नाही तेवढे अर्ध्या तासात पुसून काढावे. तसेच राहिले तर त्याचा चिकट थर होतो आणि त्यावर धूळ बसते. ओल्या हवेत जवसाच्या तेलावर बुरशी धरते, लाकूडही दरवर्षी काळवंडत जाते. म्हणून अथणी, चिकोडीच्या कोरड्या बाजूला हा पर्याय मी आनंदाने सुचवीन, खानापुरात नाही. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत.

लाखेच्या पॉलिशची गोष्ट थोडक्यात संपते. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या पुरचुंडीने चढवलेल्या या पॉलिशची ऊब दुसऱ्या कशाला येत नाही, ते तासाभरात वाळते आणि दुरुस्तही सहज होते. परंतु गरम भांडे टेकले किंवा पाणी साचले की पांढरा डाग पडतो आणि पायांच्या वर्दळीने ते लवकर झिजते. देवघराच्या कोनाड्याला, कपाटाला ते शोभते. जिथे दिवसातून पन्नास वेळा ये-जा होते त्या जमिनीला नाही.

मेलामाइन पॉलिश मी या तुलनेत धरलेलेच नाही. ते फर्निचरसाठी उत्तम आहे, पण पावलागणिक किंचित वाकणाऱ्या फळीवर त्याला केसासारख्या चिरा जातात.

खरी निवड उरते ती तेली वार्निश, एक-घटकी पीयू आणि दोन-घटकी पीयू यांच्यात. काही दुकानांत 'यॉट वार्निश' या नावाचा डबा मिळतो आणि नाव ऐकून ते सर्वांत टणक असावे असा समज होतो. वस्तुस्थिती उलटी आहे. असे वार्निश मुळात शिडाच्या जहाजाच्या डोलकाठीसाठी बनले. डोलकाठी वाऱ्यात वाकते, उन्हात तापते, म्हणून त्याचा थर लवचीक आणि त्यामुळे मऊ ठेवलेला असतो. खिडकीच्या चौकटीला तो गुण उपयोगी पडतो, पण जमिनीवर टेबलाचा पाय रुतून खूण राहते.

दोन-घटकी पीयू या सर्वांत टणक आहे, यात वाद नाही. मूळ रसायनात हार्डनर (थर घट्ट करणारे दुसरे रसायन) मिसळले की काही तासांत मिश्रण संपवावे लागते, मात्र एकदा घट्ट झाल्यावर त्यावर चहा सांडो की स्पिरिट, फरक पडत नाही. अडचण अशी की हार्डनरमधील आयसोसायनेट हवेतील ओलाव्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडते. आमच्या शहापूरच्या घरात गणपतीपूर्वी माडी चकचकीत दिसावी या हट्टापायी ऐन ऑगस्टमध्ये एका ठेकेदाराकडून हे काम करून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिरप्या उन्हात पाहिले तर जिन्याच्या तोंडाशी असलेल्या तीन फळ्यांवर मोहरीएवढे फुगे गोठलेले होते, आणि बोटाने दाबले की ते करकरत फुटत होते. तेवढाच तुकडा दुरुस्त करता येईना, कारण नवा हात जुन्या टणक थरावर धरत नाही. फळ्या टोकापासून टोकापर्यंत पुन्हा घासाव्या लागल्या. शिवाय फवारताना साधा कापडी मास्क पुरत नाही, योग्य फिल्टरचा मास्क आणि उघड्या खिडक्या लागतात. दुकानाच्या माडीला किंवा भाड्याच्या खोल्यांना मी आजही हेच सुचवीन, पण फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच.

राहत्या घरासाठी मात्र माझा कौल तेलमिश्रित एक-घटकी पीयूला आहे, तोही अर्धचकाकी प्रकाराला, कारण अति चकाकीवर प्रत्येक ओरखडा लांबून दिसतो. ब्रशने तीन पातळ हात द्यावेत, दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्यावी आणि हलका घासकागद फिरवावा. पुढे चार-पाच वर्षांनी फक्त वरवर घासून नवा हात चढवता येतो, मूळ लाकडापर्यंत जावे लागत नाही. टणकपणात तो दोन-घटकीहून कमी पडतो, हे मान्य करूनच मी हे लिहीत आहे.

कोणताही प्रकार घेतला तरी फळीच्या खालच्या बाजूचा विचार क्वचितच होतो. वरून कवच चढले आणि खालून तक्तपोशी कोरीच राहिली, तर पावसाळ्यात खालची बाजू ओल पिऊन फुगते, वरची तशीच राहते आणि फळीच्या कडा वर उचलून मधोमध खळगा पडतो. खालीही निदान एक हात द्यावा. आणि सुट्या निघणाऱ्या फळ्या असतील तर त्यांची आडवी कापलेली टोके आधी निवडलेल्या पॉलिशमध्ये भिजवावीत, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी टोकांतून ओढते.

पूर्वतयारीत तीन गोष्टी तपासाव्यात. फळीतून पीठ पडत असेल तर आधी किडीचा बंदोबस्त करावा आणि कौलांची गळती काढावी. पूर्वी मेण लावलेले असेल तर ते टर्पेंटाइनने पूर्ण काढावे, कारण मेणावर पीयू धरत नाही. खिळ्यांची डोकी खाली ठोकून 60, 100, 150 नंबरच्या घासकागदाने या क्रमाने घासावे, आणि सागवान तेलकट असल्याने पहिला हात देण्यापूर्वी थिनरच्या फडक्याने पुसून लगेच काम सुरू करावे. ओलावा मोजायचे यंत्र मिळाले तर काटा 12 टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय डबा उघडू नये. आमच्या मेस्त्रींकडे असे यंत्र नाही. ते एक फळी उचलून खालच्या बाजूला गाल लावतात आणि गार लागली तर आठवड्याने येतो म्हणून सामान बांधतात.