शिंग अस्सल, बाकीचे पारखून घ्यावे: ठासणीच्या बंदुकीच्या साहित्याचा एक ‘ऐतिहासिक’ संच

कोकणात ज्यांचे बालपण गेले त्यांना ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासून भरायची बंदूक, समजावून सांगावी लागत नाही. शेतसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली, निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात जमा होणारी आणि निकालानंतर पुन्हा खुंटीवर येणारी ती लांब नळीची बंदूक आमच्याही घरी होती. आजोबांचे बंदुकीची दारू मोजण्याचे माप म्हणजे बांबूचे एक बोटभर पेर होते आणि दारूवर दाबायला काथ्याचा बोळा असे. पुढे नोकरीनिमित्त पेनसिल्व्हेनियात आलो तेव्हा या बंदुकीशी पुन्हा गाठ पडेल असे वाटले नव्हते. परंतु या राज्यात नाताळानंतर हरणाच्या शिकारीचा एक हंगाम खास चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) ठासणीच्या बंदुकीसाठी राखलेला असून तो १९७४ पासून चालू आहे, आणि त्यामुळे ही जुनी कला येथे केवळ संग्रहालयात न राहता शनिवार-रविवारी चांदमारीच्या मैदानावर भेटते. मी शिकार करीत नाही. पुठ्ठ्याच्या निशाणावर मात्र गेली काही वर्षे नेमाने बार काढतो.

गेल्या शरद ऋतूत मी ‘अठराव्या शतकातील शिकाऱ्याचा संपूर्ण संच’ अशा नावाने विकला जाणारा साहित्याचा जोड १८० डॉलर देऊन मागवला. विक्रेत्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण असे संच अनेक जण जवळजवळ एकाच धर्तीवर विकतात आणि खाली जे गुणदोष लिहिले आहेत ते कमीअधिक प्रमाणात सगळ्यांनाच लागू पडतात. संचात दारूचे शिंग, पितळी माप, गोळी नळीत बसवण्याचा आखूड दांडा, रंजकाची (बार पेटवणाऱ्या बारीक दारूची) पितळी कुपी, साखळीला लावलेली सुई आणि कुंचली, गजाच्या टोकाला लावायची तीन अवजारे, गोळीभोवती गुंडाळायच्या कापडी चिंध्यांची चळत आणि हे सगळे ठेवायला खांद्याची चामडी पिशवी असा ऐवज होता.

आधी शिंगाविषयी, कारण संचाची अर्ध्याहून अधिक किंमत मी त्याचीच धरतो. बैलाचे शिंग आतून पोकळ करून, उकळत्या पाण्यात मऊ करून, वरून खरवडून पातळ केलेले असते. रुंद तोंड लाकडी खुंट्यांनी पक्क्या केलेल्या बुचाने बंद करतात आणि निमुळत्या टोकाला भोक पाडून त्यात लहानसा गुडदा बसवतात. शिंगाचीच निवड का झाली याचे उत्तर ते हातात घेतल्याबरोबर मिळते. ते हलके आहे, पाणी धरत नाही, कशावर आपटले तरी ठिणगी पडत नाही, आणि त्याला अंगाच्या बाकाशी जुळणारा स्वतःचा बाक असतो. माझ्या शिंगाची खरवड इतकी चांगली आहे की उजेडाकडे धरले असता आतील दारूची पातळी सावलीसारखी दिसते. अर्धा पौंड दारू त्यात आरामात मावते.

नव्या शिंगात दारू भरण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. रिकामे शिंग पाण्याच्या बादलीत बुडवून निमुळत्या तोंडाने फुंकावे. माझ्या शिंगाच्या बुचाजवळ, तिसऱ्या खुंटीच्या शेजारी, मोहरीएवढ्या बुडबुड्यांची एक बारीक माळ निघाली. जेथून हवा निघते तेथून पावसाळी दमटपणा आत येतोच, आणि दमट झालेली काळी दारू पेटत नाही असे नाही, पण ती कधी पेटेल याचा भरवसा राहत नाही. शिंग दोन दिवस वाळवले, फटीत पातळ केलेले मधमाशीचे मेण बोटाने भरले, आणि तेवढ्याने काम भागले. दोष क्षुल्लक होता, तरी ‘वापरण्यास तयार’ अशी जाहिरात करणाऱ्याने ही परीक्षा स्वतः करून मगच माल पाठवायला हवा होता.

शिंगावरील नकाशाचे मात्र मला कौतुक करता आले नाही. १७५४ ते १७६३ या काळात उत्तर अमेरिकेत इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात जे युद्ध झाले त्यातील सैनिकांनी आपापल्या शिंगांवर हडसन आणि मोहॉक नद्या, वाटेवरचे किल्ले आणि स्वतःची नावे टोकदार अवजाराने कोरून घेतली. अशी शिंगे आज संग्रहालयांत पाहायला मिळतात आणि त्यांतील रेघ कोठे खोल, कोठे घसरलेली, कोठे शिंगाच्या गाठीला वळसा घालून गेलेली असते. माझ्या शिंगावरचा नकाशा लेझरने भाजलेला आहे. सगळ्या रेघा सारख्याच जाडीच्या, सारख्याच तपकिरी; शाळेच्या वहीवर उठवलेल्या शिक्क्यासारख्या. हेच शिंग साधे, कोरीवकामाविना मिळाले असते तर मी आनंदाने घेतले असते.

येथे थोडे विषयाला धरूनच आडवळण घेतो. आपल्याकडे काडतूस म्हटले की शाळेत शिकलेले १८५७ आठवते, आणि त्यामुळे शिंग वापरणारा सैनिक कोणता असा प्रश्न वाचकाला पडू शकेल. कवायती फौजेतील शिपायाजवळ शिंग नसे. त्याच्याजवळ कागदात गुंडाळलेली मोजकी दारू आणि गोळी असे. तो कागद दातांनी फोडायचा, दारू नळीत ओतायची आणि गजाने ठासायचे. एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसाच्या कागदाला लावलेल्या चरबीवरून वाद पेटला तो दातांनी फोडण्याच्या याच पद्धतीमुळे. शिंग आणि माप ही सामग्री शिकाऱ्याची, सीमेवरच्या वसाहतवाल्याची आणि रायफलधारी तुकड्यांची. रायफलीच्या नळीत आतून पीळ पाडलेला असतो आणि गोळी त्या पिळाला घट्ट बसावी लागते, म्हणून ती भरायला वेळ लागतो. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परिसरातील जर्मन कारागिरांनी घडवलेल्या लांब रायफली याच जातीच्या होत.

आता मापाकडे वळतो. शिंगातून दारू सरळ नळीत कधीही ओतायची नसते, कारण आधीच्या बाराची एखादी ठिणगी तळाशी धुमसत असली तर ज्वाळा ओतणाऱ्या भांड्यापर्यंत पोहोचते. मापात ६० ग्रेन दारू असते, म्हणजे जेमतेम ३.९ ग्रॅम, अर्ध्या पौंडाच्या शिंगात ती ३,५०० ग्रेन असते. अपघात मापात होणे आणि शिंगात होणे यांत किती अंतर आहे ते या दोन आकड्यांवरून कळावे. संचातील पितळी माप सरकत्या दांड्याचे आहे: दांडा खाली ओढला की पोकळी वाढते, त्यावर आकडे कोरलेले आहेत आणि बाजूचा लहान स्क्रू आवळून ते पक्के करायचे असते. वर एक फिरते नरसाळे आहे, जे तोंडावर फिरवले की जास्तीची दारू कापली जावी अशी अपेक्षा असते. ती अपेक्षा पूर्ण होत नाही. नरसाळ्याची खीळ सैल असल्यामुळे ते तोंडावरून घासत न जाता किंचित वरून तरंगत जाते. ६० वर लावून दहा वेळा दारू मोजली आणि प्रत्येक खेप तराजूवर तोलली, तर सर्वांत हलकी ५६ ग्रेन आणि सर्वांत जड ६४ ग्रेन भरली. शिवाय सातव्या खेपेनंतर स्क्रू स्वतःहून ढिला झाला होता. त्यानंतर केवळ कुतूहलापोटी मागच्या अंगणातल्या बांबूचे एक अरुंद पेर त्याच पोकळीचे कापून बोटाने सपाट करीत तीच दारू मोजली. दहाही खेपा ५९ ते ६१ च्या आत राहिल्या. तोंड जितके अरुंद तितकी काठावरची चूक लहान, एवढेच त्यामागचे शास्त्र आहे. अठराव्या शतकातील शिकाऱ्याचे मापही असेच, शिंगाच्या किंवा हाडाच्या तुकड्याचे आणि एकाच आकाराचे असे. आकडे कोरलेले सरकते माप ही नंतरची सोय होय.

संचाच्या नावातील ‘अठरावे शतक’ या शब्दांशी माझे भांडण येथून सुरू होते. पन्नास कॅलिबरच्या, म्हणजे ०.५०० इंच तोंडाच्या, नळीला आज बहुतेक जण ०.४९० इंचाची गोळी आणि ०.०१५ इंच जाडीची चिंधी वापरतात. चिंधी गोळीच्या दोन्ही बाजूंनी येते, म्हणजे एकूण ०.५२० इंच ०.५०० इंचाच्या तोंडातून आत घालायचे असते, आणि म्हणूनच लाकडी मुठीचा आखूड दांडा लागतो: आधी त्याच्या बोटभर टोकाने गोळी तोंडाखाली बसवायची, मग लांब टोकाने वीतभर ढकलायची आणि पुढचे काम गजावर सोपवायचे. संचातील दांडा अक्रोडाच्या लाकडाचा, मूठ हाताला उत्तम बसणारी, टोकाचे पितळ गुळगुळीत; वापरायला मला त्यात काहीही खोट आढळली नाही. परंतु त्या काळातील शिकाऱ्यांच्या पिशव्यांत असा दांडा होता याचे पुरावे फारच तुरळक आहेत, आणि हे ज्यांना ठाऊक आहे असे लोक मैदानावर त्याकडे पाहून मिशीतल्या मिशीत हसतात. जुन्या वेशात होणाऱ्या मेळाव्याला जाणार असाल तर दांडा घरी ठेवावा आणि किंचित लहान गोळी वापरावी.

रंजकाच्या कुपीविषयी न्याय करायला जरा सावकाशी हवी. रंजक म्हणजे बंदुकीच्या कानाजवळच्या (नळीच्या बुडाशेजारच्या बारीक भोकाजवळच्या) पेल्यात घालायची चिमूटभर बारीक दारू. चकमकीची ठिणगी तिच्यावर पडते आणि तिची ज्वाळा कानातून आत जाऊन मुख्य बार पेटवते. रंजकासाठी वेगळी कुपी ठेवण्याची चाल खरोखरच जुनी आहे. सतराव्या शतकातील युरोपीय बंदूकधारी शिपाई छातीवरच्या पट्ट्याला मोजलेल्या दारूच्या लाकडी नळ्या आणि रंजकाची एक लहान कुपी अडकवीत असे. त्याच शतकातील मोगल हस्तिदंती कुप्या लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. हरणांची डोकी आणि एकमेकांत गुंतलेले प्राणी कोरलेल्या त्या वस्तू पाहिल्या की दारूचे पात्र इतके देखणे करणाऱ्या कारागिरांपुढे हात जोडावेसे वाटतात. पेनसिल्व्हेनियाचा शिकारी मात्र साधारणपणे मोठ्या शिंगातलीच दारू पेल्यात टाकून मोकळा होई. आणि संचातील कुपी, जिचे टोक पेल्यावर दाबले की आतली स्प्रिंग दबून ठरावीक दाणे खाली पडतात, ती तर सरळसरळ आजची वस्तू आहे. ती काम चोख करते. थंडीत बोटे आखडलेली असताना तिच्यासारखी सोय नाही. मला राग तिचा नाही, तिच्या खोक्यावर छापलेल्या शतकाचा आहे.

ज्या वस्तूकडे जाहिरातीत कोणी पाहतही नाही ती सुई या संचातील सर्वांत उपयोगी अवजार ठरली. मराठीत बंदुकीच्या त्या बारीक भोकाला कान म्हणतात, म्हणून मी तिला कानकोरणे म्हणतो. पाच-सहा बार झाले की काळ्या दारूची काजळी कानात साचते. मग पेल्यात रंजक भपकन उडते आणि आतला बार तसाच राहतो. प्रत्येक वेळी रंजक घालण्यापूर्वी सुई एकदा आतबाहेर केली तर हा प्रकार जवळजवळ बंद होतो. आपल्या तोड्याच्या (जळत्या वातीने पेटणाऱ्या) बंदुकांच्या दस्त्यालाही अशी सुई साखळीने अडकवलेली आढळते, ती याच कारणासाठी. संचातील सुई पितळेची आहे, हे चांगले: लोखंडी सुईने कान हळूहळू मोठा होत जातो. कुंचलीचे केस राठ आहेत आणि पेला दोन फटकाऱ्यांत साफ होतो.

गजाच्या टोकाची अवजारे मात्र मला ऐन वेळी दगा देऊन गेली. शेजारच्याशी बोलण्याच्या नादात मी एकदा दारू न घालताच चिंधी आणि गोळी ठासली. ही चूक या छंदातल्या प्रत्येकाकडून कधी ना कधी होते. तिच्यावर उपाय म्हणजे गजाला टोकदार स्क्रू लावून तो शिशाच्या गोळीत फिरवायचा आणि गोळी बाहेर ओढून काढायची. स्क्रू पिशवीतून काढला, तर तो माझ्या गजावर चढेचना. संचातील तिन्ही अवजारांचे आटे ८-३२ मापाचे आणि माझ्या गजाचे १०-३२, आणि खोक्यावर याचा कोठेही उल्लेख नव्हता. शेजारच्या गृहस्थांनी त्यांच्याजवळचा जोडतुकडा दिला म्हणून त्या दिवशी बंदूक मोकळी झाली. चिंधी उपसण्याचे दुपदरी मळसूत्र आणि पुसण्याचे खाचांचे टोक बरे आहे. आटे विचारून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

चिंध्यांची चळत पट्ट्यापट्ट्यांच्या जाड, गादीच्या खोळीच्या कापडाची आहे आणि ती निर्दोष आहे. बार काढल्यावर वीस-पंचवीस पावलांवर पडलेल्या चिंध्या गोळा करून पाहाव्यात: मध्ये काळे वर्तुळ आणि कडेला झिरमिळ्या असतील तर जोड बरोबर, भोक पडले असेल तर कापड पातळ. घरून आणलेला धुवट मांजरपाट मी हौसेने कापून पाहिला. दहापैकी सहा चिंध्यांना भोके पडली. पिशवीचे चामडे टिकाऊ आहे, पण ती गरजेपेक्षा मोठी असल्यामुळे सुई शोधायला हात कोपरापर्यंत घालावा लागतो.

संपूर्ण संच मी पुन्हा घेणार नाही. हाच विक्रेता शिंग सुटे ९५ डॉलरला आणि सुई-कुंचली ८ डॉलरला देतो; तेवढेच घ्यावे, बादलीची परीक्षा करावी आणि माप स्वतः कापावे. रंजकाची कुपी मी ठेवून घेतली आहे, आखूड दांडाही ठेवला आहे. पितळी मापाचा दांडा ६० वर आणून तो पक्का करायला त्यावर कथलाच्या डागाचा एक थेंब टाकला, नरसाळे काढून फेकले, आणि आता ते पाहुण्यांच्या हाती देण्यापुरते उपयोगाचे झाले आहे.