कुंपणालगत निलगिरी की सुरू?

जमिनीच्या कडेने वारा अडवणारी आणि आडोसा देणारी झाडांची रांग लवकर उभी करायची असेल, तर निलगिरी आणि सुरू ही नावे हटकून पुढे येतात. मानवलेल्या जमिनीत दोन्ही झाडे सुरुवातीच्या काळात वर्षाला 2 मीटरपर्यंत वाढू शकतात; त्यामुळे केवळ वेगावरून निवड करण्यात अर्थ नाही. पाच-सात वर्षांनी झाड कसे दिसेल, हे पाहावे, आणि त्या कसोटीवर कुंपणासाठी माझा कौल सुरूला आहे.

निलगिरी उंचीत मागे पडत नाही, परंतु वाढताना ती खालच्या फांद्या स्वतःच टाकून देते, आणि जिथे आडोसा हवा नेमके तिथेच नुसते बुंधे उरतात. अनेक जातींच्या सालीच्या लांब पट्ट्या आणि तेलयुक्त पाने खाली साचून वाळली की चटकन पेट घेतात, म्हणून घरालगत हे झाड नकोच. मात्र तोडलेल्या बुंध्याला जोमाने धुमारे फुटतात आणि नव्याने लागवड न करता पुढची तोड मिळते. वासे किंवा सरपण हाच हेतू असेल आणि जागा प्रशस्त असेल, तर निलगिरीच सरस.

सुरूची पाने वाटतात त्या खरे तर सांधेदार हिरव्या डहाळ्या असतात. खरी पाने सांध्यांवर खवल्यांसारखी, जेमतेम दिसणारी असतात. या डहाळ्यांतून वारा पूर्ण अडत नाही, त्याचा जोर मोडतो, आणि म्हणूनच भक्कम भिंतीमागे उठतात तसे भोवरे सुरूच्या रांगेमागे सहसा उठत नाहीत. मुळांवरील गाठींमधले फ्रँकिया जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, त्यामुळे निकस वाळूतही सुरू तग धरतो. खारा वाराही सोसतो. कोवळ्या वयापासून नियमित छाटणी केल्यास त्याचे दाट कुंपण होते.

दोष सुरूतही आहेत. भारी चिकण जमीन त्याला मानवत नाही, गळलेल्या डहाळ्यांच्या जाड थराखाली दुसरे फारसे काही उगवत नाही आणि जून झाड बुंध्यापासून तोडल्यास सहसा पुन्हा फुटत नाही. फ्लोरिडात तर तो आक्रमक वृक्ष ठरला आहे, तेव्हा आपल्या भागात त्याच्या लागवडीला मनाई नाही ना, हे आधी तपासावे. दोन्ही झाडांची मुळे पाण्याच्या शोधात दूरवर जातात. जलवाहिन्या आणि घराचा पाया यांपासून पुरेसे अंतर सोडावे. खरेदी करताना उंच रोपाच्या मोहात न पडता, पिशवीत मुळांची वेटोळी न झालेले लहान रोपच घ्यावे.